ळ दाबून धरावा लागतो

प्रति,
स्मार्टफोन तयार करणाऱ्या आणि फोनमधला कीबोर्ड बनवणाऱ्या सर्व कंपन्यांचे व्यवस्थापक व अभियंते यांस,

विषय : काचेवरच्या मराठी कीबोर्डाबाबत.

स.न.वि.वि.

मी टायपिंगचा क्लास चालवते. गाव तालुक्याचं, क्लास बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, अरुंद जिना चढून वर. वडिलांनी सुरू केला तेव्हा खोलीत नऊ मशीन होती, पाच गोदरेज आणि चार रेमिंग्टन. खालच्या किराणावाल्याला म्हणे वरची खडखड थांबली की बॅच सुटली हे घड्याळ न बघता कळायचं. आता संगणक आहेत. एक गोदरेज मी मोडीत दिलं नाही. ओळ संपत आली की त्याची घंटा अजून वाजते, आणि नवी पोरं ती ऐकायला मुद्दाम ओळ संपवतात.

हे पत्र लिहिण्याचं कारण मात्र एक रुमाल आहे.

आमच्याकडे नवीन मुलगा आला की पहिले आठ-दहा दिवस तो बोटांकडे बघून टाइप करतो. मग एके दिवशी मी त्याच्या दोन्ही हातांवर रुमाल टाकते. वडील टॉवेल टाकायचे, मी रुमालावर आणलंय, एवढीच सुधारणा. रुमाल पडला की मुलगा कावराबावरा होतो. बोटं चाचपडतात, एफ आणि जे या दोन कळांवरचे बारीक उंचवटे शोधतात. पहिल्या बोटांना ते सापडले की बाकीची सहा आपसूक आपापल्या जागी येऊन बसतात. इन्स्क्रिप्ट या संगणकावरच्या सरकारमान्य मांडणीत त्या उंचवट्यांवर कोण आहे सांगू? डावीकडे पहिली वेलांटी, उजवीकडे र. तिथून क उजवीकडे एक घर, त दोन घरं, प डावीकडे एक घर. हे नकाशासारखं पाठ करायचं नसतं, ते हातात उतरतं. पंधरवड्यानं रुमालाखालून सबंध वाक्यं येऊ लागतात आणि मुलाची नजर उताऱ्यावरून हलत नाही. एवढ्यासाठी लोक आम्हाला फी देतात.

गेल्या जूनमध्ये एक पोरगा आला. "मॅडम, टायपिंग येतं मला. फक्त सर्टिफिकेट पायजे." लिपिकाच्या जागेसाठी मराठी मिनिटाला ३० शब्दांचं प्रमाणपत्र लागतं, ते त्याला काढायचं होतं. मी म्हटलं, दाखव. त्यानं खिशातून फोन काढला आणि टेबलाला टेकून दोन अंगठ्यांनी सुरू केलं. मी घड्याळ लावलं. मिनिटाला चोवीस शब्द आले. खरं सांगते, वाईट नाही. माझ्याकडचे दोन महिन्यांचे विद्यार्थी तिथवर पोचत नाहीत. उताऱ्यातले सगळे ळ मात्र ल झाले होते, त्याबद्दल पुढे लिहितेच. मी गमतीनं रुमाल उचलला आणि त्याच्या फोनवर टाकला. सगळी बॅच हसली, तोही हसला, आणि रुमाल उचलत म्हणाला, "असं केल्यावर दिसणार कसं?"

तुमच्या कीबोर्डाबद्दलची माझी तक्रार त्या पोरानं एका वाक्यात सांगून टाकली. टायपिंग ही दिसायची गोष्ट नव्हती हो. डोळे मजकुरावर आणि हात कळांवर, अशी कामाची वाटणी होती. काचेनं ती मोडली. कळेवर बोट टेकणं वेगळं आणि कळ दाबणं वेगळं. मध्ये थोडा प्रवास असतो, थोडा विरोध असतो, आणि तो संपला की बोटाला समजतं, उमटलं. काचेला टेकणं आणि दाबणं यातला फरक कळत नाही. टेकलं की अक्षर पडलं. म्हणून अंगठे अधांतरी तरंगत ठेवावे लागतात आणि प्रत्येक वेळी डोळ्यांनी त्यांना हाताला धरून न्यावं लागतं. त्यात मापं बघा. संगणकाच्या एका कळेच्या मध्यापासून शेजारणीच्या मध्यापर्यंत सुमारे १९ मिलिमीटर. फोन उभा धरला तर एका ओळीत दहा-अकरा कळा कोंबलेल्या, प्रत्येकीच्या वाट्याला जेमतेम सहा मिलिमीटर. माझ्या अंगठ्याचं टोक त्याच्या दुपटीहून मोठं आहे, आणि मी काही पैलवान नाही. तुम्ही प्रत्येक स्पर्शाला बारीक थरथर दिलीत, ती ठीक आहे, पण ती बोट चुकल्यावरही तेवढीच थरथरते.

आता तुम्हाला वाटेल, या बाईला ब्लॅकबेरी, म्हणजे तो खऱ्या कळांचा फोन, परत हवाय. नकोय.

ब्लॅकबेरीच्या आठवणीनं उसासे टाकणारी मंडळी मला ठाऊक आहेत. ९ जानेवारी २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत ॲपलच्या स्टीव्ह जॉब्जनं पहिला आयफोन दाखवला, तेव्हा आधी पडद्यावर त्या वेळचे चार नावाजलेले फोन लावले आणि त्यांच्या खालच्या भागावर बोट ठेवलं. या प्लॅस्टिकच्या कळा तुम्हाला लागोत न लागोत, तिथेच चिकटून बसणार; प्रत्येक कामाला वेगळी बटणं हवीत आणि फोन विकल्यावर तर त्या बदलताही येणार नाहीत, असं त्याचं म्हणणं होतं. लगेच सगळ्यांना पटलं नाही. पुढच्या वर्षी आलेला पहिला अँड्रॉइड फोन पडदा सरकवला की खालून कळा निघतात असाच होता. पडद्यावरचा कीबोर्ड त्यात २००९ मध्ये, १.५ या आवृत्तीबरोबर आला. ब्लॅकबेरीनंही २००८ मध्ये सबंध काचच कळेसारखी दबणारा स्टॉर्म काढून पाहिला. तो काही चालला नाही. शेवटी ४ जानेवारी २०२२ रोजी त्यांच्या जुन्या फोनांच्या सेवाच बंद झाल्या. अधूनमधून फोनला खालून अडकवायचा कळांचा जोड कुणीतरी बाजारात आणतं, हौशी लोक घेतात.

या सगळ्या भांडणात मराठी कुठे होती? कुठेच नव्हती. त्या सुबक कळांच्या फोनांवर एबीसीडी होती. साहेब लोक त्यावर इंग्रजी ईमेल पाठवायचे, आणि आमच्यासारख्यांनी मराठी लिहायची म्हटली तर ती रोमन अक्षरांत. उलट देवनागरी छापलेली असायची ती स्वस्तातल्या साध्या फोनांवर, आकड्याच्या कळेवर एबीसीच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत. आमच्या शेजारच्या काकू अशा फोनवर लेकीला मराठीत मेसेज करायच्या. ख हवा तर तीच कळ दोनदा, घ हवा तर चारदा. वेळ लागायचा, पण त्या टीव्ही बघत बघत करायच्या, कारण पाचच्या कळेवर टिंब होतं आणि अंगठा तिथून मोजत जायचा. काकू रुमालाची परीक्षा पास झाल्या असत्या.

तेव्हा जॉब्जचा मुद्दा खरं तर आम्हाला सगळ्यांआधी पटायला हवा. छापलेली कळ बदलत नाही, काच बदलते. सव्वीस अक्षरांच्या इंग्रजीला कळा पुरत होत्या. स्वर, व्यंजनं, काना-मात्रा-वेलांट्या, अनुस्वार, रफार आणि जोडाक्षरं एवढा संसार असलेल्या देवनागरीला काच म्हणजे नवं घर मिळाल्यासारखं होतं. आणि कुणी ते ओळखलंही होतं. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागातून २०१३ मध्ये स्वरचक्र नावाचा कीबोर्ड आला. क वर बोट ठेवलं की त्याच्याभोवती का, कि, की, कु अशी बाराखडी गोलात उमलते, बोट हव्या त्या दिशेला सरकवून सोडायचं. हलन्त निवडला की पुढच्या कळांवर जोडाक्षरंच दिसू लागतात, क्य कसा दिसेल, क्र कसा दिसेल ते बोट टेकवण्याआधी समोर. हे कुठल्याही गोदरेजवर, रेमिंग्टनवर किंवा ब्लॅकबेरीवर शक्य नव्हतं. मशीनवर तर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची, ग हवा तर अर्धा ग मारून पुढे काना जोडायचा. आम्ही भाषा मशीनला शरण नेली होती, आणि इथे पहिल्यांदा यंत्र बाराखडीला शरण आलं होतं. मी स्वरचक्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वडील हयात होते. त्यांना दाखवलं. त्यांनी चार-पाच शब्द लिहिले, चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, "हे कुणीतरी आपल्यात बसून केलंय."

बाकीच्यांनी काय केलं ते आता लिहिते. काच बदलू शकते, हे वचन तुम्ही आम्हाला दिलंत आणि त्या काचेवर पुन्हा एबीसीडीच मांडलीत. माझ्या क्लासमध्ये येणाऱ्या बहुतेक मुलांच्या फोनवर मराठी लिहायची म्हणजे इंग्रजी कळा दाबायच्या आणि वरच्या पट्टीत कीबोर्ड कोणता मराठी शब्द काढतोय त्याची वाट बघायची. त्यांना ती सोय वाटते, मला त्यांचा राग नाही. रोमन लिपीत ळ नाही, त्याला मुलं काय करणार? के-ए-एल लिहिलं तर काल, काळ, कळ, कल यांतलं काहीही निघू शकतं. बी-ए-एल मधून बाळ, बाल, बळ, बल. व्ही-ई-एल मधून वेळ निघेल किंवा भिंतीवर चढणारा वेल. कीबोर्डाला अंदाज करावा लागतो, आणि घाईत असलेला माणूस पट्टीतला पहिला शब्द घेतो.

आमच्या गावाच्या ग्रुपवर पाण्याचा निरोप येतो. "पाइप फुटल्यामुले उद्या नलाला पानी येनार नाही." वाचणारे समजून घेतात. पण हे '-मुळे' मराठीत किती वेळा लागतं याचा विचार करा. पावसामुळे, आजारपणामुळे, लग्नामुळे, तुमच्यामुळे. प्रत्येक सूचनेत, प्रत्येक रजेच्या अर्जात ते आहे, आणि प्रत्येक ठिकाणी त्याची मुलं होतात. माझे चुलत आजोबा गेले तेव्हा भाच्यानं सगळ्या नातेवाइकांना मेसेज पाठवला, "आबांचा पहाटे काल झाला." त्याला काळ लिहायचं होतं. मस्कतहून एका मावसभावानं विचारलं, "काल काय झाला?" घरात प्रेत, आणि आम्ही दोघी-तिघी बहिणी स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून हसतोय. आबांना स्वतःला ते आवडलं असतं, ते वेगळं.

देवनागरी कीबोर्ड आहे की फोनमध्ये, तो वापरा, असं तुम्ही म्हणाल. मी तोच वापरते. माझ्या फोनबरोबर आलेल्या मराठी कीबोर्डात पहिल्या पडद्यावर ळ नाही. ल वर अंगठा ठेवायचा, दाबून धरायचा, वर एक छोटी खिडकी उघडते, तिच्यात ळ असतो, तिथपर्यंत अंगठा न उचलता घसरत जायचं. दोन सेकंद गेले. 'सकाळी डोळे उघडल्यावर वेळेवर गोळी घ्या' एवढं वाक्य लिहायला चार वेळा दाबून धरावं लागतं. मराठीला २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्या दिवशी मी हे वाक्य फोनवर लिहून पाहिलं. अंगठ्यात कळ आली. ही दुसरी कळ, तुमच्याकडची नव्हे.

ऱ ची कथा आणखी वाईट. हा ऱ तुमच्यापैकी अनेकांना छपाईतली चूक वाटत असावा. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या. आचार्यांना बोलावलं तर प्रवचन होतं, आचाऱ्यांना बोलावलं तर जेवण. फरक त्या अर्ध्या चंद्रासारख्या र मध्ये आहे, आणि तो लिहायला ऱ लागतो. इन्स्क्रिप्टमध्ये तो कुठे आहे माहीत आहे? जे वरच, र च्याच घरात, शिफ्ट धरून. म्हणजे त्या उंचवट्यावर. ऐंशीच्या दशकात ज्यांनी ही मांडणी आखली त्यांनी त्याला बोटाच्या सगळ्यांत जवळची जागा दिली. काचेवर तो कुठे खिडकीच्या आत खिडकीत, कुठे सापडतच नाही. परिणाम रोज दिसतो, वर्तमानपत्रांच्या मोबाइलवरून आलेल्या बातम्यांत शेतकऱ्यांचे शेतकर्‍यांसारखे तुटके तुकडे होतात किंवा सरळ शेतकर्यांचे. ॲ चंही तसंच. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांच्या सामायिक अक्षरयादीत, त्याला स्वतंत्र जागा २००८ पासून आहे, तरी काही कीबोर्ड अ वर वेगळा चंद्र चिकटवून देतात. दिसायला सारखंच, पण शोधायला गेलं की सापडत नाही. आमच्या एका विद्यार्थ्याला स्वतःच्याच फाइलमधली 'ॲडमिशन' तासभर मिळेना.

याचं मूळ मला वाटतं एका समजुतीत आहे. लिपी देवनागरी म्हणजे हिंदीचं झालं की मराठीचं झालंच. आपल्या सरकारच्या नियमातही त्याची सावली आहे. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १६३३३ (भाग ३) या २०१६ च्या मानकानुसार देशात विकल्या जाणाऱ्या फोनवर बावीसही भारतीय भाषा वाचता आल्या पाहिजेत, आणि लिहिता यायला हव्यात त्या इंग्रजी, हिंदी आणि आणखी किमान एक. मानक चांगलंच आहे, त्याआधी माझ्या एका फोनवर मराठी मेसेज म्हणजे नुसत्या चौकोनांची रांग यायची. पण लिहिता येणं म्हणजे काय, ळ किती खोल पुरलेला चालेल, हे तुमच्यावरच आहे. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक होते. एवढ्यांसाठी एक कळ पहिल्या पडद्यावर आणायला कुणाची परवानगी लागते?

आता ज्या गोष्टीमुळे मी खरोखर लिहायला बसले ती.

माझ्याकडे तीन वर्षांपूर्वी एक मुलगा शिकला, जन्मापासून दृष्टी नसलेला. त्याला रुमालाची गरज नव्हती. उंचवटे त्याला पहिल्या दिवशी सापडले आणि संगणक प्रत्येक अक्षर बोलून दाखवायचा, त्यामुळे महिन्याभरात तो बॅचमधल्या डोळसांच्या पुढे गेला. मग त्यानं मला त्याचा फोन दाखवला. काचेवर बोट फिरवायचं, बोटाखाली येईल ते अक्षर फोन बोलतो, हवं ते ऐकू आलं की बोट उचलायचं. तो भराभर करायचा, मी बघत बसायचे. त्यानं जागा पाठ केल्या होत्या. ब वरून किती सरकलं की भ, डाव्या कडेपासून किती अंतरावर मात्रा, हे त्याच्या बोटाच्या स्नायूत बसलं होतं. काच गुळगुळीत असली तरी त्यानं स्वतःच्या मनात तिच्यावर उंचवटे बसवले होते.

एक दिवस तो आला तो गप्पच. रात्रीत कीबोर्डाचं अपडेट झालं होतं. वरच्या ओळीत आधी स्वर असायचे, त्या आता व्यंजनाप्रमाणे बदलणाऱ्या मात्रा झाल्या होत्या, आणि एक ओळ वाढल्यामुळे सगळी अक्षरं खाली सरकली होती. डोळसाला ते सुंदर दिसतं. क दाबला की वर का कि की कु. त्याला मात्र आपलं घर कुणीतरी झोपेत उचलून दुसरीकडे ठेवल्यासारखं झालं. बहिणीला एक ओळ लिहायला त्याला पाऊण तास लागला, तो म्हणाला. "मॅडम, तुमच्या गोदरेजचं अपडेट येत नाही ना?" असं विचारून तो हसला, म्हणून मीही हसले.

हे वाचताना तुमच्यातल्या एखाद्या अभियंत्याला बरं वाटणार नाही, मला माहीत आहे. तुम्ही ते चांगल्याच हेतूनं केलं असणार. पण कळांच्या कीबोर्डाचा सगळ्यांत मोठा गुण त्याचा टकटक आवाज नाही की त्याचा खोलगटपणा नाही. तो रात्रीत बदलत नाही, हा त्याचा गुण आहे. वडिलांनी १९८० च्या आसपास शिकलेली मांडणी त्यांना मरेपर्यंत पुरली. काचेला तुम्ही प्लॅस्टिक करू शकत नाही, पण 'ही मांडणी अशीच ठेवा' असं एक बटण तर देऊ शकता. एकदा लावलं की कितीही अपडेटं आली तरी अक्षर जागचं हलायचं नाही. मग बदलणारी मात्रांची ओळ, नवी खिडकी, चित्रं, जे द्यायचं ते देत बसा, ज्यांना हवं ते घेतील.

शब्द सुचवण्याचंही तेच. ती पट्टी सारखी बदलते, म्हणून डोळे सारखे तिच्यावर जातात. २०१९ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातल्या आणि इतर संशोधकांनी सदतीस हजारांवर लोकांचं फोनवरचं टायपिंग तपासलं. सरासरी मिनिटाला ३६ शब्द निघाली. त्याच गटाच्या आधीच्या अभ्यासात संगणकाच्या कीबोर्डावर ५२ होती. आणि चूक आपोआप सुधारल्यानं वेग वाढत असला तरी पट्टीतून शब्द निवडणारे उलट मागे पडतात, असं त्यांना दिसलं. हे इंग्रजीचं झालं. मराठीत तर पट्टीची दैना बघवत नाही. घर, घरात, घरातला, घरातल्या, घरातल्यांना, घरातल्यांनासुद्धा. एका नामाला एवढी शेपटं. कोशात 'घर' असतं, मला 'घरातल्यांनासुद्धा' हवं असतं, आणि पट्टी मला 'घरकुल योजना' सुचवत असते. कधी मला न विचारता ती मी लिहिलेलं बरोबर रूप पुसून तिला माहीत असलेलं रूप ठेवते. चूक सुधारा, पण जे रूप तुमच्या कोशात नाही ते चूक आहे असं आधी धरू नका.

बोलून टाइप करा, हा उपाय मला चारही बाजूंनी सांगितला जातो. स्वयंपाक करताना मी तो वापरते. पण एसटीत शेजारी माणूस बसलेला असताना, दवाखान्याच्या बाकावर, किंवा बाळ झोपलेलं असताना लिहायचं असतं तेच नेमकं बोलता येत नाही. शिवाय आमच्याकडची बोली त्या यंत्राला अजून परकी आहे. पुढे जाऊ.

एवढी तक्रार केल्यावर म्हटलं, आपणच आपला मार्ग काढावा. मी बाराशे रुपयांचा ब्लूटूथ कीबोर्ड घेतला. घडी होणारा, पर्समध्ये मावणारा. फोनला जोडला, फोनच्या उभ्या स्टँडसमोर ठेवला, उंचवटे सापडले, आणि लहान मुलीसारखा आनंद झाला. मग मांडणी निवडायच्या यादीत गेले. हंगेरियन होती. आइसलँडची होती. आइसलँडची सगळी लोकसंख्या चार लाखांच्या आसपास आहे, त्यांचं भलं होवो, त्यांना त्यांची अक्षरं मिळालीच पाहिजेत. मराठी नव्हती. यादी मी तीनदा वर-खाली केली, कुणी चुकून कुठेतरी लपवली असेल म्हणून. काचेवरचा मराठी कीबोर्ड होता, पण खऱ्या कळा जोडल्या की तो बाजूला सरकून इंग्रजी पुढे येत होती. शेवटी एका विद्यार्थ्यानं कुठूनतरी वेगळं ॲप शोधून लावून दिलं, आता चालतं. पण इन्स्क्रिप्ट ही सरकारमान्य मांडणी १९८६ पासून आहे. सबंध मांडणी म्हणजे जेमतेम एका पानाचा तक्ता. तो एक तक्ता फोनमध्ये आधीपासून असायला काय हरकत होती?

माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी निम्म्यांच्या घरी संगणक नाही. फोन आहे. रात्री घरी सराव कशावर करायचा, असं ती विचारतात. हजार-बाराशेचा कीबोर्ड त्यांना परवडतो, संगणक परवडत नाही. फोनला कळा जोडून मराठीचा सराव करता आला तर परीक्षेआधीचे तीन महिने माझ्या खोलीतल्या दहा संगणकांसाठी लागणारी रांग निम्मी होईल. माझी फी कमी होईल, ते मी बघून घेईन.

तुमच्यापैकी कुणी कधी आमच्या बाजूला आलंच तर संध्याकाळी सहाच्या बॅचला या. जिना अंधारा आहे, तिसरी पायरी सांभाळून. तुमचाच फोन घेऊन या, तुमचाच कीबोर्ड उघडा. मी रुमाल टाकेन. तुम्ही फक्त 'बाळ' लिहायचं.

कळावे.

आपली,
एक टंकलेखन शिक्षिका

ता.क. पत्र आधी फोनवर लिहायला घेतलं होतं. 'स.न.वि.वि.' लिहिलं, त्यानं त्याचं 'सनई विवाह' केलं. मग उठून क्लासमध्ये आले आणि संगणकावर लिहिलं.